मिर-७, सिरॅनो आणि कंपवातात मरणाऱ्या चेतापेशी

पेशीपाल

जंक डीएनएच्या (प्रथिनाचा मजकूर नसलेल्या, म्हणून निरुपयोगी समजल्या गेलेल्या डीएनएच्या) धाग्यावर परवा बरीच हाणामारी झाली. त्यात एका आयडीने विचारलं होतं की ज्या आरएनएपासून प्रथिनच बनत नाही त्याचा पार्किन्सनशी, म्हणजे कंपवाताशी, काय संबंध? तिथे उत्तर दिलं असतं तर मूळ विषय वाहून गेला असता, म्हणून हा वेगळा धागा.

सुरुवात अल्फा-सायन्यूक्लीन या प्रथिनापासून करावी लागेल. पार्किन्सनच्या रुग्णाच्या मेंदूत, मध्यमेंदूतल्या सबस्टॅन्शिया नायग्रा या भागात, डोपामाइन बनवणाऱ्या पेशी मरतात. उरलेल्या पेशींत प्रथिनाचे गोळे सापडतात. फ्रिट्झ लेवी यांनी १९१२ मध्ये ते वर्णिले म्हणून त्यांना लेवी बॉडीज म्हणतात. १९९७ मध्ये दोन गोष्टी लागोपाठ कळल्या. काही इटालियन-ग्रीक घराण्यांतल्या पार्किन्सनमागे अल्फा-सायन्यूक्लीनच्या जनुकातला एका अक्षराचा बदल आहे, आणि लेवी बॉडीज मुख्यतः याच प्रथिनाच्या बनलेल्या आहेत. तेव्हा साहजिकच सगळ्यांना वाटलं की प्रथिन बिघडतं आणि पेशी मरते.

पण २००३ मध्ये अमेरिकेतल्या आयोवाचं एक घराणं पुढे आलं. त्यांच्या प्रथिनात काडीचाही बिघाड नव्हता. फक्त एका गुणसूत्रावर त्या जनुकाच्या एकाऐवजी तीन प्रती होत्या, म्हणजे दोन्ही गुणसूत्रं मिळून चार. प्रथिन अगदी नेहमीचं, पण दुप्पट. तेवढ्यावर तरुण वयात, तीव्र स्वरूपाचा पार्किन्सन. पुढे तीन प्रती असलेली घराणीही सापडली. त्यांच्यात आजार जरा उशिरा आणि सौम्य येतो. माझ्या मते या आजाराबद्दलचा सर्वांत महत्त्वाचा धडा हाच आहे: हे प्रथिन किती आहे यावरच बरंच काही ठरतं. आणि 'किती' हे ठरवणाऱ्या यंत्रणेत प्रथिन न बनवणारे आरएनए ठिकठिकाणी बसलेले आहेत.

त्यातले सर्वांत परिचित म्हणजे मायक्रोआरएनए. सुमारे २२ अक्षरांचे तुकडे. व्हिक्टर अँब्रोस आणि गॅरी रव्हकन यांनी १९९३ मध्ये एका मिलिमीटरभर लांबीच्या कृमीत त्यांचं काम दाखवलं, आणि २०२४ चं नोबेल त्यासाठीच मिळालं. हा तुकडा आर्गोनॉट नावाच्या प्रथिनात जाऊन बसतो. मग संदेशवाहक आरएनएच्या (जनुकातून प्रथिनाचा मजकूर नेणाऱ्या आरएनएच्या) शेपटीला, म्हणजे प्रथिनाचा मजकूर संपल्यावर जो भाग उरतो त्याला, जुळणारी सहा-सात अक्षरं शोधून चिकटतो. चिकटला की त्या संदेशापासून प्रथिन कमी बनतं किंवा संदेशच लवकर नष्ट होतो. कळ पूर्ण बंद होत नाही, आवाज कमी होतो इतकंच.

अल्फा-सायन्यूक्लीनच्या संदेशाला असं चिकटणारा तुकडा म्हणजे मिर-७ ('मिर' म्हणजे मायक्रोआरएनए). न्यू जर्सीत मरल मौरादियन यांच्या प्रयोगशाळेने २००९ मध्ये हे दाखवलं. पेशींत मिर-७ वाढवला की अल्फा-सायन्यूक्लीन घटतं, आणि ऑक्सिडेशनच्या ताणाखाली पेशी जास्त तगतात. एमपीटीपी हे डोपामाइन-पेशी मारणारं विष दिलेल्या उंदरांत मिर-७ घटलेला दिसला. २०१७ मध्ये उलट दिशेनेही पुरावा आला. उंदरांच्या मेंदूत मिर-७चं काम अडवलं तर अल्फा-सायन्यूक्लीन साचतं आणि डोपामाइनच्या पेशी मरतात. रुग्णांच्या सबस्टॅन्शिया नायग्रामध्येही मिर-७ कमी आढळला.

आता मिर-७ला कोण सांभाळतं, ते पाहू. इथून पुढचा भाग मला स्वतःला फार आवडतो.

सीडीआर१एएस नावाचा एक आरएनए आहे. सरळ धागा नाही, टोकं जोडलेलं कडं. टोकं नसल्यामुळे टोकापासून कुरतडणाऱ्या विकरांना तो सहजी सापडत नाही, म्हणून खूप टिकतो. त्याच्यावर मिर-७ बसू शकेल अशा ७० हून जास्त जागा आहेत. २०१३ मध्ये दोन गटांनी एकाच वेळी हे छापलं तेव्हा अर्थ लावला गेला की हे कडं मिर-७ला शोषून घेऊन निकामी करतं. झेब्राफिश माशात हे कडं मुळात नसतं. ते त्याच्यात घातलं तर माशाचा मध्यमेंदू लहान राहिला, मिर-७ काढून टाकल्यावर राहतो तसाच. चित्र अगदी जुळत होतं. मग २०१७ मध्ये उंदरातून हे कडं काढून टाकलं. मिर-७ मोकळा होऊन त्याचा जोर वाढायला हवा होता. झालं उलटंच, मिर-७च घटला. म्हणजे मेंदूत तरी हे कडं त्याला जपत असावं.

२०१८ मध्ये डेव्हिड बार्टेल यांच्या गटाने तिसरं पात्र आणलं: सिरॅनो, एक लांब आरएनए. त्याच्यावर मिर-७साठी एकच जागा आहे, पण ती जवळजवळ पूर्ण लांबीभर जुळणारी. एरवी मायक्रोआरएनए आपल्या लक्ष्याला संपवतो. इथे लक्ष्यच मायक्रोआरएनएला संपवतं. सिरॅनो काढून टाकलेल्या उंदरांच्या मेंदूत मिर-७ कित्येक पटींनी वाढला, आणि वाढलेल्या मिर-७ने सीडीआर१एएसचा फडशा पाडला.

म्हणजे तिघं एकमेकांना धरून आहेत. तिघांपैकी एकापासूनही प्रथिन बनत नाही. आणि त्यांच्या खाली आहे अल्फा-सायन्यूक्लीनची पातळी.

प्रश्न, शंका, शिव्या, सगळ्याचं स्वागत.

---

बंड्या चिंचपोकळीकर

+१. सिरॅनो डोक्यावरून गेला होता, दुसऱ्यांदा वाचल्यावर कळला. एक बाळबोध शंका: मिर-७ वाढवला की पेशी वाचतात ना? मग द्या की टोचून. अडलंय कुठे?

---

पेशीपाल

बंड्याभाऊ, शंका बाळबोध नाही, या क्षेत्रातला सगळा पैसा याच शंकेच्या उत्तराला लागलाय.

मिर-७ फक्त अल्फा-सायन्यूक्लीनला चिकटत नाही. एकेका मायक्रोआरएनएची शेकडो लक्ष्यं असतात. स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशींत मिर-७ मुळातच भरपूर असतो. २०१४ मध्ये उंदरांच्या बीटा पेशींत तो वाढवून पाहिला तर त्यांना मधुमेह झाला. तेव्हा तो नेमका मध्यमेंदूतच पोचवायला हवा. रक्तातून दिलेला आरएनए रक्त-मेंदू अडथळा ओलांडत नाही. मग उरतं ते विषाणूच्या कवचात घालून थेट मेंदूत सोडणं, किंवा पाठीच्या कण्यातल्या द्रवात सुई घालणं. दुसरा मार्ग अगदीच अशक्य नाही. स्नायू झिजवणाऱ्या स्पायनल मस्क्युलर अॅट्रॉफीवरचं नुसिनर्सेन २०१६ पासून तसंच दिलं जातं. पण ते मायक्रोआरएनए नाही, एकाच संदेशाला धरणारा अँटिसेन्स तुकडा आहे.

आणि मायक्रोआरएनएची नक्कल औषध म्हणून देण्याचा सुरुवातीचा मोठा मानवी प्रयत्न, कर्करोगावरचा मिर-३४चा, रोगप्रतिकारक यंत्रणेच्या गंभीर दुष्परिणामांमुळे २०१६ मध्ये थांबवावा लागला.

---

नागपुरी न्यूरॉन

पेशीपाल, लेख उत्तम. पण रोज हे रुग्ण पाहणारा माणूस म्हणून थोडं पाणी ओततो.

"रुग्णांच्या मेंदूत अमुक आरएनए कमी सापडला" हे वाक्य दिसलं की मी सावध होतो. लक्षणं दिसू लागतात तोवर सबस्टॅन्शिया नायग्रातल्या डोपामाइन-पेशींचा मोठा हिस्सा गेलेला असतो. मृत्यूनंतर मेंदू तपासतात तेव्हा तर फारच थोड्या उरलेल्या असतात. जो आरएनए मुख्यतः याच पेशींत असतो, तो त्या तुकड्यात कमीच सापडणार. वाड्यातली बिऱ्हाडं उठून गेली म्हणून विजेचं बिल कमी आलं, आणि आपण म्हणायचं की बिल कमी झाल्यामुळे बिऱ्हाडं गेली!

मिर-१३३बीचं उदाहरण घ्या. २००७ मध्ये 'सायन्स'मध्ये शोधनिबंध आला. पार्किन्सनच्या मध्यमेंदूत मिर-१३३बी कमी असतो आणि पिटएक्स३ या नियंत्रक प्रथिनाबरोबर त्याचं परस्पर-नियंत्रणाचं चक्र आहे, असं त्यात होतं. वर्षानुवर्षं प्रत्येक परिसंवादात ती आकृती दाखवली जायची. २०१२ मध्ये मिर-१३३बी पूर्ण काढून टाकलेले उंदीर तयार झाले. त्यांच्या डोपामाइन-पेशींची संख्या अगदी व्यवस्थित निघाली. आकृती मात्र अजूनही आढावा-लेखांत फिरते आहे.

---

गोथेनबर्गचा गणू

नागपुरी डॉक्टरांशी शंभर टक्के सहमत. मी विदा-विश्लेषणातला माणूस, पेशी कधी पाहिलेली नाही, फक्त एक्सेलच्या पलीकडच्या फायली पाहतो.

यावर उपाय दोन. एक, लेझरने एकेक डोपामाइन-पेशी कापून घ्यायची आणि फक्त त्यांचाच आरएनए वाचायचा. काही गट चिकाटीने हे करतात आणि त्यांना या पेशींत प्रथिन न बनवणारे हजारो आरएनए सापडले आहेत. दुसरा, एकेका केंद्रकाचं स्वतंत्र वाचन. हल्ली सगळे हेच करतात. पण इथे एक गोम आहे, ती फारसं कुणी बोलत नाही. ही लोकप्रिय पद्धत संदेशाच्या शेवटी असलेल्या 'ए' अक्षरांच्या लांब शेपटीला पकडते. मायक्रोआरएनएला ती शेपटी नसते. कड्याला तर टोकच नाही, शेपटी कुठून येणार! म्हणजे आजच्या सर्वांत बारकाईच्या नकाशांत या धाग्याचे दोन नायक, मिर-७ आणि सीडीआर१एएस, जवळपास दिसतच नाहीत.

लांब आरएनएंचा घोळ वेगळा. निएट१ घ्या. केंद्रकात पॅरास्पेकल नावाचे ठिपके असतात, त्यांचा सांगाडा म्हणजे निएट१. एमपीटीपी दिलेल्या उंदरांवरच्या एका अभ्यासाचा निष्कर्ष: निएट१ कमी केला तर पेशी वाचतात. २०१९ मध्ये जेरुसलेमच्या गटाने रुग्णांच्या सबस्टॅन्शिया नायग्रामध्ये निएट१ वाढलेला पाहिला आणि निष्कर्ष काढला की तो पेशीचं संरक्षण करतो. आता घ्या! माझा अंदाज, एकात तीव्र विष आहे आणि दुसऱ्यात वर्षानुवर्षांचा ताण, त्यामुळे दोन्ही आपापल्या जागी खरे असू शकतात. पण अंदाजच.

---

पेशीपाल

डॉक्टरांचा मुद्दा मान्य, म्हणून तर मी २०१७ चा उंदरावरचा प्रयोग मुद्दाम सांगितला. तिथे मिर-७ आधी अडवला आणि पेशी नंतर मेल्या. क्रम स्पष्ट आहे.

आणखी एक अभ्यास तुमच्या कसोटीला बऱ्यापैकी उतरतो. बार्सिलोनाच्या गटाने २०११ मध्ये मिर-३४बी आणि मिर-३४सी हे दोन्ही रुग्णांच्या मेंदूत घटलेले पाहिले. पण फक्त सबस्टॅन्शिया नायग्रामध्ये नव्हे, जिथे डोपामाइन-पेशी नाहीतच अशा भागांतही. शिवाय हालचालींची लक्षणं यायच्या आधीच्या टप्प्यातल्या, कुठलंही औषध न घेतलेल्या लोकांच्या मेंदूंतही. मग त्यांनी प्रयोगशाळेतल्या पेशींत हे दोन कमी केले. तंतुकणिका (मायटोकाँड्रिया, पेशीची ऊर्जाघरं) बिघडल्या, पेशी मरू लागल्या, आणि पार्किन व डीजे-१ ही दोन प्रथिनं घटली. या दोन्हींची जनुकं बिघडली तर तरुणपणीच पार्किन्सन होतो, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांचे कान इथे टवकारतील.

याच पेशी का मरतात, हेही इथे सांगतो. सबस्टॅन्शिया नायग्रातल्या एका डोपामाइन-पेशीचा तंतू प्रचंड फांद्या फुटलेला असतो. उंदीर-घुशींत एक पेशी लाखांच्या घरात जोडण्या सांभाळते. माणसात हा आकडा दहा लाखांवर असावा असा अंदाज आहे. त्यात ही पेशी कुणी सांगो न सांगो, स्वतःच्या ठेक्यावर सतत स्पंदन देत राहते आणि प्रत्येक वेळी कॅल्शियम आत घेते. ते बाहेर काढायला ऊर्जा लागते. वर डोपामाइन स्वतःच ऑक्सिडीकरण होणारा रेणू. एवढ्या ओढाताणीत तंतुकणिकांची डागडुजी जरा ढिली पडली की बाकीच्या पेशी निभावून नेतील, ही नेणार नाही.

मरणाऱ्या पेशीच्या भोवतीच्या मायक्रोग्लिया, म्हणजे मेंदूतल्या रोगप्रतिकारक पेशी, चिडून दाह वाढवतात, त्यात मिर-१५५चा हात आहे. तो नसलेल्या उंदरांत अल्फा-सायन्यूक्लीन वाढवूनही दाह आणि पेशीमृत्यू कमी झाला.

---

शंकासुर

म्हणजे शेवटी जंक हे जंक नाहीच, हेच ना? २०१२ मध्ये माणसाचा जनुकसंच तपासणाऱ्या एन्कोड प्रकल्पाने ८० टक्के जनुकसंचाला काम आहे म्हटलं होतं, तेव्हा इथलेच दिग्गज त्यावर तुटून पडले होते.

---

पेशीपाल

त्या ८० टक्क्यांवर तुटून पडायलाच हवं होतं. आरएनए तयार होतो म्हणजे त्याला काम आहे असं होत नाही. प्रथिनांचा मजकूर जेमतेम दीड-दोन टक्के, बाकी सगळं कामाचं, हे मी म्हणत नाहीये. बाकीच्यात काही काही गोष्टी कामाच्या आहेत, आणि त्या एकेक करून सिद्ध कराव्या लागतात.

तुमच्या आवडीचं उदाहरण देतो. उंदरात यूसीएचएल१ या जनुकाच्या उलट दिशेने वाचला जाणारा एक लांब आरएनए डोपामाइन-पेशींत असतो. इटलीतल्या ट्रिएस्टच्या स्टेफानो गुस्तिंचिच यांच्या गटाने २०१२ मध्ये त्याचं काम दाखवलं. पेशीवर ताण आला की तो केंद्रकातून बाहेर येतो आणि यूसीएचएल१चं प्रथिन जास्त बनवून घेतो. संदेश वाढत नाही, प्रथिन वाढतं. आणि हे काम त्याच्यातला जो तुकडा करतो तो म्हणजे साइन-बी२, जनुकसंचात लाखो ठिकाणी पसरलेली, पूर्वी उड्या मारणारी पुनरावृत्ती. अस्सल जंक! अशा आरएनएंना आता साइनअप म्हणतात. मिर-७ प्रथिन कमी करतो, हे वाढवतात. २०२० मध्ये याच तत्त्वावर पार्किन्सनच्या उंदरांत जीडीएनएफ हे पेशींना जगवणारं प्रथिन वाढवून पाहिलं आणि उपयोग झाला.

---

बंड्या चिंचपोकळीकर

शंकासुर आणि पेशीपाल सहमत होताना पाहून डोळे पाणावले. मंडळाने या धाग्याला पिन करावं.

---

अनघा_पु

मी इथे वाचनमात्र असते, पण विषय घरातलाच आहे म्हणून लिहिते. बाबांना पार्किन्सन आहे, सत्तरी ओलांडलीय. सिंडोपा, म्हणजे लेव्होडोपाची गोळी, चालू आहे. नातेवाइकांनी एका ठिकाणची जाहिरात पाठवली. रक्तातल्या मायक्रोआरएनएवरून आजार किती पुढे गेलाय ते सांगतात, आणि मग "एक्सोसोम थेरपी"ने पेशी पुन्हा तयार करतात म्हणे. एक्सोसोममध्ये हेच मायक्रोआरएनए असतात असं त्यांच्या पत्रकात लिहिलंय. रक्कम ऐकून आईला घाम फुटला, पण बाबा आशेने विचारतात. त्यांना काय सांगू?

---

नागपुरी न्यूरॉन

अनघाताई, घेऊ नका. चाचणीही नको आणि थेरपीही नको.

थेरपीचं आधी. एक्सोसोम म्हणजे पेशी बाहेर टाकतात त्या सूक्ष्म पिशव्या, आणि त्यात मायक्रोआरएनए असतात, इतकं खरं. पण त्यांनी माणसाच्या मेल्या डोपामाइन-पेशी परत येतात याला कसलाही पुरावा नाही. आपल्याकडे स्टेम सेल उपचारालाही मान्यता मोजक्याच आजारांत आहे, मुख्यतः रक्ताच्या काही आजारांत अस्थिमज्जा प्रत्यारोपणाला. पार्किन्सन त्यात नाही. पार्किन्सनसाठी पैसे घेऊन असं काही दिलं जात असेल तर ते प्रयोग आहेत. आणि खऱ्या प्रयोगात रुग्णाकडून पैसे घेत नाहीत. बाबांना हे शेवटचं वाक्य सांगा, आशा मोडल्यासारखं वाटणार नाही आणि मुद्दा पोचेल.

चाचणीबद्दल गणू जास्त सांगेल.

---

गोथेनबर्गचा गणू

अनघाताई, रक्तातले मायक्रोआरएनए मोजणं अवघड नाही. मोजून अर्थ लावणं अवघड आहे. रक्त काढताना थोड्या तांबड्या पेशी फुटल्या तरी मिर-४५१ए आणि मिर-१६ सगळीकडे भरून जातात आणि आकडे विस्कटतात. नमुना प्रयोगशाळेत पोचायला किती वेळ लागला, त्यावरही फरक पडतो. लेव्होडोपा चालू असलेल्या आणि नसलेल्या रुग्णांतही काही मायक्रोआरएनए वेगळे येतात, मग आपण आजार मोजतोय की गोळी? वेगवेगळ्या गटांनी छापलेल्या याद्या शेजारी ठेवल्या तर त्यांच्यात फारसं साम्य नसतं. हजारो नमुन्यांवरचे मोठे अभ्यास झाले आहेत आणि संशोधन म्हणून ते छान आहेत, पण एका माणसाला "तुमचा आजार इतका पुढे गेलाय" असं सांगण्याइतकं काही त्यांतून आलेलं नाही.

निदानाच्या बाजूने खरी झेप वेगळीकडे पडली. कण्यातल्या द्रवात बिघडलेलं अल्फा-सायन्यूक्लीन आहे का, ते बीज म्हणून वाढवून पाहायचं. २०२३ च्या मोठ्या अभ्यासात ती चाचणी पार्किन्सनच्या सुमारे ८८ टक्के रुग्णांत बरोबर उतरली. पण बाबांचं निदान झालेलंच आहे, त्यांना तिचाही उपयोग नाही.

---

वैद्यबुवा

सर्व ठीक, पण आपल्याकडे कंपवातावर कपिकच्छू म्हणजे खाजकुहिली पूर्वापार आहे, तिचा कुणी उल्लेखही करू नये?

---

नागपुरी न्यूरॉन

बुवा, करतो की. खाजकुहिलीच्या बियांत लेव्होडोपाच असतो, तो १९३७ मध्ये भारतातच वेगळा काढला गेला. तेव्हा ती काम करते यात नवल नाही. पण लेव्होडोपा गोळीतला असो वा बीमधला, डोपामाइनची उणीव भरून काढतो, पेशींचं मरण थांबवत नाही. धागा त्या मरणाबद्दल आहे. आणि अनघाताई, सिंडोपाबरोबर ही बी स्वतःच्या मनाने सुरू करू नका. आत जाणारा डोस वाढून अंग आपोआप वेडंवाकडं हलायला लागतं, मग ओपीडीत आम्ही गोंधळतो की आजार वाढला की औषध.

---

अनघा_पु

सर्वांचे आभार. आईला वाचून दाखवलं, तिने जाहिरातीचा कागद फाडला. एक शेवटचं: मी आणि भावाने जनुकीय चाचणी करावी का?

---

नागपुरी न्यूरॉन

बाबांना साठीनंतर सुरू झाला असेल आणि घरात दुसऱ्या कुणाला नसेल तर मी तरी सुचवणार नाही. बहुतेक पार्किन्सन एका जनुकामुळे होत नाही. पन्नाशीच्या आत सुरुवात किंवा घरात दोन-तीन जण असतील तर गोष्ट वेगळी, तेव्हा आधी जनुकीय समुपदेशकाशी बोला आणि मग रक्त द्या.

त्यापेक्षा बाबांच्या गोळीची वेळ बघा. लेव्होडोपा आणि आहारातली प्रथिनं आतड्यातून एकाच वाटेने आत जातात. गोळी वरण-उसळ-पनीरच्या जेवणाबरोबर घेतली तर कमी लागू पडते. जेवणाच्या निदान अर्धा तास आधी द्या. मळमळ झाली तर एखादं बिस्किट चालेल. कुठल्या वेळी अंग आखडतं आणि कधी मोकळं होतं, ते आठवडाभर कागदावर लिहून तुमच्या डॉक्टरांना दाखवा. काही अडलं तर व्यक्तिगत निरोप करा.

---

बंड्या चिंचपोकळीकर

पेशीपाल, पुढचा भाग एलआरआरके२ या पार्किन्सनच्या दुसऱ्या जनुकावर येऊ द्या. पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत.